गुरुवारचे पान

आजी या विषयावर आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे, आणि त्यांतील बहुतेक आज्या एकमेकींसारख्या दिसतात. सुरकुतलेले मऊ हात, जुन्या लुगड्यांची गोधडी, वेखंड-जायफळाचा बटवा आणि रात्रीची गोष्ट. यांत खोटे काही नाही. माझ्या आजीकडेही हे सारे होते. परंतु या वर्णनांच्या मुळाशी एक समजूत असते, की आंब्याला जशी गोडी तशी आजीला माया असायचीच. ही समजूत मला पटत नाही. माझ्या आजीने आपली माया विचारपूर्वक कमावली होती आणि तिचे मोलही पदरचे मोजले होते.

तिचा जन्म खांडव्याचा, १९१८ सालचा. 'इन्फ्लुएंझाच्या साथीत झालेली' एवढीच तिच्या जन्माची नोंद माहेरच्यांच्या बोलण्यात होती. खांडवा तेव्हा मध्यप्रांतात, म्हणजे इंग्रजी अमलाखाली. १९२९ साली हरविलास सारडा यांच्या प्रयत्नाने बालविवाहाला आळा घालणारा कायदा मंजूर झाला. आपल्याकडे तो 'शारदा कायदा' या नावाने ओळखला गेला. मुलीचे वय किमान चौदा आणि मुलाचे अठरा असावे असे त्याने ठरविले. अंमल १ एप्रिल १९३० पासून व्हायचा होता. हेतू उत्तम होता, परंतु मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची घाई उडाली. ज्यांना वाचवायचे होते त्यांतल्याच कित्येक मुली कायद्याच्या धास्तीने बोहल्यावर चढल्या. आजी त्यांपैकी एक. १९३० च्या फाल्गुनात, वयाच्या बाराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि मीटरगेजच्या गाडीने, नर्मदेचा पूल ओलांडून, पाताळपाणीचा घाट चढून ती इंदुरास आली. घाटातल्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा आपण कोणाचा हात धरला होता हे मात्र तिला कधी आठवले नाही.

सासर छळाचे नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. आजोबा होळकर दरबारच्या महसूल खात्यात कारकून. घरात सासू-सासरे, दीर, नणंदा, एक विधवा आत्या. आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग बायकांची, आणि सर्वांत शेवटी धाकटी सून. तिच्या पानापर्यंत येईतो भात उरलेला असे, वरण संपलेले असे. कोणी वाईट नव्हते. कोणी विचारीत नव्हते, इतकेच. "रात्री भूक लागायची, पण ती कोणाला सांगायची असते हेच ठाऊक नव्हते," असे ती एकदा मटार सोलता सोलता सहज म्हणाली होती. त्या स्वरात तक्रार नव्हती. तिने ती गोष्ट फक्त लक्षात ठेवली होती.

अक्षरे ती धाकट्या दिराच्या पाटीवर शिकली. तो शाळेतून आला की पाटी तिच्याकडे येई, आणि चूल सारवण्याआधी ती राखेत बोटाने 'क' गिरवी. किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक तिच्या लग्नाच्याच वर्षी सुरू झाले. पुढे शेजारणीकडून आणून ती त्याचे अंक वाचीत असे. वाचताना ओठ हालत.

आता वारांविषयी. आजच्या तरुण वाचकांना ही पद्धत ठाऊक नसेल. गावोगावची गरीब मुले शिक्षणासाठी शहरात येत आणि आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे धरीत; सोमवारी एकाकडे जेवावयाचे, मंगळवारी दुसऱ्याकडे. यालाच वार लावून जेवणे म्हणत. माधुकरीत दारोदार झोळी फिरवावी लागे. वारात निदान पान मांडलेले असे. इंदुरात होळकर महाविद्यालय १८९१ सालीच निघाले होते, त्यामुळे देवास, धार, खरगोणकडून येणाऱ्या मुलांना वारांचा मोठा आधार होता. ही सोय बहुतांशी ब्राह्मणांच्या मुलांपुरतीच होती, ही तिची मर्यादाही नोंदवावयास हवी. शिवाय वाराच्या मुलाला बहुधा ओटीच्या कोपऱ्यात, घरची पंगत उठल्यावर वाढीत. धर्म घडे, पण मुलाची मान खालीच राहत असे.

सासूबाई थकल्या आणि स्वयंपाकघर आजीच्या हाती आले, तेव्हा तिने पहिला बदल येथे केला. वाराचा मुलगा घरच्या मुलांच्या पंगतीत बसू लागला, आणि तूप आधी त्याच्या भातावर पडू लागले. "पोरांना अशाने खोड लागेल," असे सासूबाई म्हणाल्या. आजीने उत्तर दिले नाही. तूप मात्र तसेच वाढीत राहिली. पंगत उठण्यापूर्वी ती प्रत्येकाकडे पाहून "पोट भरलं का?" असे विचारी आणि उत्तरावर विश्वास न ठेवता आणखी एक पोळी टाकी. दारी आलेल्याला "जेवणार का?" असे विचारू नये, हा तिचा दंडक होता. तसे विचारले की भिडस्त माणूस नाही म्हणतो. "पान कुठं मांडू?" असेच विचारायचे.

१९५१ साली आजोबा गेले. आजी तेहतीस वर्षांची, पदरी चार मुले. संस्थान विलीन होऊन तीन वर्षे झाली होती. निवृत्तिवेतनाचे कागद एका कचेरीतून दुसरीकडे फिरत होते. बाहेरची खोली भाड्याने दिली. पापड, कुरडया, मेतकूट करून ती ओळखीच्या घरी विकू लागली. भाऊबंदांनी सल्ला दिला, की आता वार बंद करावेत. त्या सल्ल्यात गैर काय होते? मीही कदाचित तोच दिला असता. आजीने चारांपैकी तीन वार सोडले. मुलांना दुसरी घरे पाहून दिली, त्यासाठी स्वतः चार दारे हिंडली. गुरुवार मात्र ठेवला. त्याच दिवसांत तिने रात्रीचे जेवण सोडले. विचारले तर 'नेम आहे' म्हणे. कोणत्या देवाचा, हे आत्याला पुष्कळ वर्षांनी उमगले. पुढे जवळच्या गिरणी कामगाराचा मुलगाही त्या पंगतीत बसू लागला, तेव्हा वाड्यात कुजबूज झाली. आजीने त्याचे पान आपल्या थोरल्या मुलाशेजारी, म्हणजे माझ्या वडिलांशेजारी मांडले; चर्चा केली नाही.

तिची जमाखर्चाची वही मी पाहिली आहे. दूध, रॉकेल, जोंधळे, पाटीवरची पेन्सिल, सारे दिडकीपर्यंत लिहिलेले. वाराच्या जेवणाची नोंद कोठेही वेगळी नाही.

साधारण १९५८ च्या सुमारास वाड्यातील एका तेरा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले. १९४९ च्या दुरुस्तीने मुलीचे वय पंधरा झालेले होते, पण कायद्याकडे पाहतो कोण! आजी त्या मुलीच्या वडिलांकडे गेली. कायद्याचे नावही तिने काढले नाही. ती एवढेच म्हणाली, "भाऊजी, पाठवा खुशाल. पण आधी पोरीला विचारून ठेवा, रात्री भूक लागली तर तिथं कुणाला सांगशील?" लग्न काही थांबले नाही, मात्र पाठवणी चार वर्षे लांबली आणि तेवढ्या अवधीत ती मुलगी शाळा पुरी करून गेली. हे सारे मी आत्याकडून ऐकले. आजीने त्याचा उच्चारही कधी केला नाही.

तिच्या स्वभावात कोवळेपणा फारसा नव्हता. तिने आम्हांला कुशीत घेतल्याचे मला आठवत नाही. पानात टाकलेले तिला खपत नसे. दोरीचा तुकडा, पुडीचा कागद ती जपून ठेवी. मात्र भाद्रपदात कोवळे भुट्टे आले की ती स्वतः किसायला बसे, आणि दुधात शिजवलेल्या त्या किसाची पहिली वाटी आमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंची असे. त्यांच्याशी ती अस्खलित माळवीत बोले, नणंदेशी बोलावे तसे.

एका दुपारी, मी दहावीत असताना, एक करड्या केसांचे गृहस्थ भोपाळहून आले. मोठ्या हुद्द्यावरचे अभियंते होते. दारात मोटार उभी होती. ते वाकले. आजीने त्यांना क्षणभर निरखले. घरात तोवर टेबल आले होते, तरी ते स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. आजीने त्यांचा हुद्दा, पगार काही विचारले नाही. भाजी वांग्याची होती. ती त्यांच्या पानात न वाढता तिने घाईने बटाट्याच्या काचऱ्या टाकल्या.

"सोमवारी कसा रे आलास?" तूप वाढता वाढता ती म्हणाली. "तुझा तर गुरुवार."