शिडीची खालची पायरी

फुटबॉलच्या साखळी स्पर्धांचा एक जुना नियम आहे. हंगामाच्या अखेरीस खालच्या श्रेणीतील अव्वल संघ वरच्या श्रेणीत चढतो आणि वरच्या श्रेणीतील तळाचा संघ खाली उतरतो. संघ कोणाच्या मालकीचा, त्याची तिजोरी केवढी, याची चौकशी गुणतक्ता करीत नाही. आपल्या समाजव्यवस्थेत क्वचितच आढळणारी ही न्याय्य रीत आहे. खेळाला किरकोळ विषय मानण्याची सवय बाजूला ठेवून कार्यकर्त्यांनी तिच्याकडे पाहावे.

ही रीत रुजली ती गिरणी कामगारांच्या मुलखात. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा बारापैकी सहा संघ लँकेशायर परगण्यातील होते. ब्लॅकबर्न, बर्नली, बोल्टन, प्रेस्टन ही तर कापडाचीच गावे. १८९२ मध्ये दुसरी श्रेणी निघाली आणि चढउतार सुरू झाला. पण त्याच्याही आधी, १८५० च्या कारखाना कायद्याने स्त्रिया व अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोननंतर गिरणीत राबविण्यास मनाई केली होती. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुषांचीही सुटका झाली. शनिवारच्या सामन्याला गर्दी लोटली ती या मोकळ्या दुपारमुळे. ती दुपार मालकांनी खुशीने दिलेली नव्हती.

आपल्याकडे काय झाले? २०१४ मध्ये आठ संघांची इंडियन सुपर लीग निघाली, ती पैसे मोजून जागा घेणाऱ्यांची. खालून कोणी वर यायचे नाही, वरून कोणी खाली जायचे नाही. त्या वेळी आय-लीगमध्ये मात्र जुना नियम चालू होता. २०१५-१६ च्या हंगामात मिझोरामचा ऐजॉल संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला. गोव्याच्या क्लबांनी महासंघाच्या धोरणाच्या निषेधार्थ माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली, आणि पुढच्याच हंगामात, ३० एप्रिल २०१७ रोजी, त्याने विजेतेपद जिंकले. त्याचे प्रशिक्षक खालिद जमील मुंबई एफसीच्या सात वर्षांच्या प्रशिक्षकपदानंतर तिकडे गेले होते. (२०२५ मध्ये तेच राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.) त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली. ऐजॉलला सुपर लीगचे दार उघडले नाही. विजेत्याला प्रवेश नाही, हा क्रीडान्याय कोणत्या शास्त्रातला?

आय-लीगच्या विजेत्याला वर घेण्याची वाट पुढे २०२३ मध्ये खुली झाली आणि पंजाबचा संघ त्या वाटेने गेला. परंतु २०२४-२५ च्या हंगामापर्यंत सुपर लीगमधून एकही संघ गुणतक्त्यामुळे खाली उतरला नाही. म्हणजे बढती आली, पण वरच्यांचे अभय कायम राहिले. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी असाच बंद दरबार भरविण्याचा घाट घातला होता. इंग्लंडचे प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत तो कोसळला.

येथे एक आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. उतरणीचा फटका खेळाडूला बसतो. मुंबई एफसी घसरली ती पुन्हा उभी राहिलीच नाही; मालकांनी क्लबच गुंडाळला. तत्पूर्वी महिंद्र युनायटेड, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता संघ, २०१० मध्ये कंपनीच्या निर्णयाने संपला होता. त्याच्या बाबतीत घसरणीचे निमित्तही लागले नाही. तेव्हा दोष नियमाचा नसून मालकीचा आहे. तोट्यातली गिरणी बंद करावी त्या सहजतेने संघ बंद करता येतो, कारण तो गावाचा नसतो. जर्मनीत १९९८ पासून क्लबातील बहुमताचा अधिकार सामान्यतः सभासदांकडेच ठेवण्याचा दंडक आहे. तेथे संघ खाली गेला तरी सभासद राहतात, मैदान राहते, पुढचा हंगाम येतो.

परंतु शिडीच्या वरच्या टोकाबद्दल भांडताना तिचा पाया जमिनीला टेकलेला आहे काय, हेही पाहावे लागते. त्यासाठी आमच्या मानकोलीइतके बोलके ठिकाण दुसरे नाही. मुंबईत हारवुड लीग १९०२ पासून खेळली गेली. तिच्या खालच्या श्रेणींतून वर चढण्याची वाट गल्लीतल्या संघालाही होती. मानकोलीतून मुंबई फार दूर नाही, आणि २०२५ मध्ये खाडीवरचा पूल खुला झाल्यापासून डोंबिवलीही हाकेच्या अंतरावर आली. मालाची वाट अशी दरवर्षी रुंदावते आहे. शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली. भातखाचरे सुकल्यावर पोरांना मिळणारी मोकळी जागा भराव, कुंपण आणि ट्रकतळ यांनी खाल्ली. भिवंडीचा यंत्रमाग कामगार बारा तासांच्या पाळीत उभा असतो. गोदामातला कंत्राटी हमाल उद्या काम मिळेल की नाही, या विवंचनेत निजतो. १९६९ चा माथाडी कायदा याच महाराष्ट्राने केला. त्याचे संरक्षण ज्याच्यापर्यंत पोचले नाही त्याने रविवारचा सामना ठरवावा तरी कसा? अकरा जण एकाच वेळी मोकळे असणे, ही कोणत्याही लीगची पहिली अट आहे.

या परिसराच्या नियोजनाची जबाबदारी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची आहे. गोदामांच्या परवानग्यांबरोबर पूर्ण मापाचे सार्वजनिक मैदान प्रत्यक्ष ताब्यात घ्या, आराखड्यावर रंगवून ठेवू नका, अशी मागणी गावोगावच्या ग्रामसभांतून ठरावाने झाली पाहिजे. कामगार संघटनांनी वेतनाच्या मागणीपत्रात भरपगारी साप्ताहिक सुट्टीचे कलम पहिल्या पानावर घालावे. मग गोदाम कामगारांचा, यंत्रमागवाल्यांचा, गावातल्या आगरी मुलांचा असे चार-सहा सभासदांच्या मालकीचे संघ घेऊन तालुक्याची लीग याच पावसाळ्यानंतर सुरू करता येईल. दोन श्रेणी पुरेत. वर्गणी अल्प ठेवावी, आणि शेवटच्या क्रमांकाचा संघ, मग तो सरपंचांच्या पुतण्याचा का असेना, खाली उतरवावा.