टक्केवारीचा आलेख आणि मापात पाप



दहावीच्या राज्याच्या निकालाचे तीन आकडे घ्या. २०२३ ला ९३.८३ टक्के, २०२४ ला ९५.८१ आणि २०२५ ला ९४.१०. एक्सेलमध्ये टाकून स्तंभालेख काढा. उभा अक्ष शून्यापासून सुरू झालेला दिसणार नाही, कारण आकडे एकमेकांजवळ असले की एक्सेल खालचा भाग आपणहून कापतं. समजा अक्ष ९३ पासून सुरू झाला, तर २०२४ चा स्तंभ २०२३ च्या तिपटीहून उंच दिसतो आणि २०२५ चा एकदम निम्म्याच्याही खाली येतो. बघणाऱ्याला वाटतं, निकाल कोसळला! प्रत्यक्षात फरक शंभरात दोन मुलांचाही नाही.

असेच आलेख आपण पालकसभेत पडद्यावर लावतो. आपल्या भिवंडीत समोर बसलेल्यांत यंत्रमागावर काम करणारे कितीतरी असतात. कुणाची घरची भाषा उर्दू, कुणाची तेलुगू. अक्षावरचे बारीक आकडे कोण वाचत बसतो? माणूस स्तंभांची उंची बघतो. मीटरवर मजुरी घेणाऱ्याला माप म्हणजे काय ते आपण शिकवायला नको, पण पट्टी शून्यापासून आहे हे तो गृहीत धरणारच. त्याच्यापुढे ९३ पासूनची पट्टी ठेवली, तर ते मापात पापच झालं. हेतू कितीही चांगला असो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. टक्केवारीचा स्तंभालेख पालकांना दाखवायचा तर अक्ष ० ते १०० हवा आणि आकड्यांपुढे % चिन्ह हवं.

करायचं कसं? अक्षावरच्या आकड्यांवर राइट क्लिक करून 'फॉरमॅट अ‍ॅक्सिस' उघडा. मिनिमममध्ये शून्य. मॅक्झिमममध्ये मात्र जपून. सेलमध्ये ९५.८१% असं दिसत असेल, तर एक्सेलच्या लेखी तो आकडा ०.९५८१ आहे आणि १०० टक्के म्हणजे फक्त १. तिथे १०० लिहिलंत तर अक्ष थेट १००००% पर्यंत जातो आणि सगळे स्तंभ जमिनीला चिकटतात. उलट, साधा ९५.८१ लिहून मागाहून % चं बटण दाबलं की ९५८१% होतं. आकडे तसेच ठेवून नुसतं चिन्ह हवं असेल, तर त्याच खिडकीत खाली 'नंबर'मध्ये कस्टम निवडा आणि कोडमध्ये शून्य लिहून त्यापुढे दुहेरी अवतरणचिन्हांत % टाका. मॅक्झिमम मोकळं सोडलं तर पूर्ण हजेरीच्या आलेखात अक्ष १२०% पर्यंत चढतो. एवढी हजेरी कुठल्या शाळेत असते हो? अक्षावर दशांश स्थळंही नकोत, ८०.००% वाचून कुणाचं काही भलं होत नाही.

काही सहकारी म्हणतात, "शून्यापासून घेतलं तर सगळे स्तंभ सारखेच दिसतात, मग आलेख कशाला?" अहो, सारखे दिसतात कारण ते जवळजवळ सारखेच आहेत. खरा फरक असला की तो याच पट्टीवर दिसतो. महाराष्ट्रातली स्त्री-साक्षरता २००१ च्या जनगणनेत ६७.०३ टक्के होती, २०११ ला ७५.८७ झाली. काढून बघा, वाढ डोळ्यांना कळते. अगदी बारीक चढउतारच दाखवायचा असेल तर रेषालेख घ्या आणि अक्ष कुठून सुरू होतो ते शीर्षकातच मोठ्या अक्षरांत लिहा.

वहीतल्या आलेखात अक्ष शून्यापासून नसेल तर आरंभबिंदूजवळ नागमोडी खूण काढायला आपणच शिकवतो आणि ती विसरली की गुण कापतो. एक्सेल ती खूण आपणहून काढत नाही. आठवीला शतमान स्तंभालेख शिकवताना निकालाचे हेच तीन आकडे मुलांना द्या. एक आलेख ९३ पासून, एक शून्यापासून. दोन्ही घरी दाखवून फक्त एवढंच विचारून यायला सांगा, की निकाल किती घसरला. उत्तरं फळ्यावर लिहून घ्या.