बटणं बाबाच लावतील!

बाबांना पक्षाघात झाल्यापासून येणारा-जाणारा बजावतो, "त्यांना काही करू देऊ नका हं!" का बरं? फिजिओ अर्धा तास व्यायाम घेणार, उरलेला दिवस आपण भरवणार, बटणं लावणार आणि वर हात चालत नाही म्हणून हळहळणार!

वापरला नाही तर हाताला न वापरण्याचीच सवय लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत ज्यांचा चांगला हात दोन आठवडे मोज्यात ठेवून दुबळ्या हाताकडून कामं करून घेतली, त्यांचा हात इतरांपेक्षा जास्त सुधारला.

बाबांची बोटं हलतात. मग रोज सकाळी बटणं, पेपरची घडी त्यांचीच. वीस मिनिटं लागतील... लागू देत!

काका, आत्या, वाचताय ना? याल तेव्हा शेजारी बसा, ते पडणार नाहीत एवढं बघा. बाकी हात आवरा.