कमावलेला घोडा?

‘हा घोडा मी कमावलाय,’ परवा एक मित्र छाती फुगवून सांगत होता. घोडा म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला इन्व्हिन्सिबल. अरे, कमावलास कसला? लॉटरी लागली तुला!

२०१० मध्ये पंचवीस जण रात्र रात्र जागून, मरून मरून लिच किंगला हिरॉइकवर पाडायचे, तेव्हा एकाला घोडा हमखास मिळायचा. ती कमाई. आता एकटा माणूस त्याला काही मिनिटांत झोपवतो. घोडा निघायची शक्यता मात्र साधारण १ टक्का, आणि एका कॅरेक्टरला आठवड्यातून एकच संधी. हिशोब करा: न चुकता १०० आठवडे गेलात तरी जवळजवळ ३७ टक्के लोक रिकाम्या हातानेच परत. चार कॅरेक्टर घेतली, तर चार तिकिटं. यात कौशल्य कुठंय? ही नुसती हजेरी, तीही दरमहा पैसे भरून!

मी स्वतः दीड वर्ष शनिवार पाळला. आई फोनवर बोलायची, मी ‘हं, हं’ करत लूट बघायचो. घोडा मिळाला नाहीच, आईने शनिवारी फोन करणं तेवढं सोडलं.

द्राक्षं आंबट म्हणा हवं तर. पण नशिबाला मेहनत म्हणू नका.