विश्लेषण : ‘हे यान खरं आहे का?’ म्हसळ्याच्या मुलांना उत्तर कोण देणार?

म्हसळ्यातून शाळेची सहल मुंबईला निघते तेव्हा एसटी अंधारातच स्टँड सोडते. घोणसे घाट, माणगाव, मग मुंबई-गोवा महामार्ग. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात पोहोचेपर्यंत चार-पाच जणांना बस लागलेली असते आणि डबे निम्मे रिकामे झालेले असतात. तरीही आवारात शिरताच मुले धावतात, कारण समोर वाफेचे इंजिन, जुनी ट्राम आणि ‘मारुत’ हे भारतीय बनावटीचे लढाऊ विमान उभे असते. तिन्ही खरी. मुंबईतली ट्राम 1964 मध्ये बंद झाली, पण ती रस्त्यावरून धावली होती, हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

अंतराळाचे तसे नाही. देशातल्या बहुतेक विज्ञान केंद्रांत दिसणारे उपग्रह आणि रॉकेट या प्रतिकृती असतात. मुलांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला : हे खरं आहे का? बरोबरच्या गुरुजींना ठाऊक नसते, फलकावर अनेकदा लिहिलेले नसते आणि ‘चला, पुढे चला’ म्हणत रांग सरकते. खरे तर त्या दालनातला सर्वांत चांगला प्रश्न तोच.

खरे उपग्रह संग्रहालयात का नसतात?

कारण ते परत येतच नाहीत. पृथ्वीजवळच्या कक्षेत फिरणाऱ्या वस्तूचा वेग ताशी सुमारे 28 हजार किलोमीटर असतो. त्या वेगाने वातावरणात शिरले की पुढची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते आणि उष्णतारोधक कवच नसेल तर यान जळून त्याचे तुकडे होतात. 19 एप्रिल 1975 रोजी सोडलेला आपला पहिला उपग्रह ‘आर्यभट्ट’ 1992 मध्ये असाच नष्ट झाला. म्हणजे कोणत्याही संग्रहालयातला आर्यभट्ट हा ‘तो’ आर्यभट्ट नाही. चांद्रयान-3 चा विक्रम लँडर तर चंद्रावरच आहे.

प्रतिकृतींमध्येही फरक असतो. एक, फायबर किंवा पत्र्याची, केवळ दाखवण्यासाठी केलेली. दुसरी, खऱ्या यानाबरोबरच तशाच सुट्या भागांतून बांधलेली आणि चाचण्यांसाठी वापरलेली, फक्त कधी न उडालेली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातले चांद्रयान, एलएम-2, या दुसऱ्या प्रकारातले. नासाने ते अपोलो मोहिमेसाठीच बांधून घेतले होते, पण ते चंद्रावर गेले नाही. दोन्ही प्रकार पाहण्याजोगे आहेत. पण कोणता कुठला, हे फलकावर न लिहिणे म्हणजे पाहणाऱ्याला गृहीत धरणे.

मग भारतात जाऊन आलेले काय आहे?

सर्वांत प्रसिद्ध वस्तू दिल्लीत, तीन मूर्ती परिसरातल्या नेहरू तारांगणाकडे आहे. (वरळीतही याच नावाचे तारांगण आहे, गल्लत नको.) राकेश शर्मा ज्या सोयूझ कुपीतून पृथ्वीवर परतले ती ही कुपी. इथे एक गंमत आहे. शर्मा 3 एप्रिल 1984 रोजी वर गेले ते ‘सोयूझ टी-11’ मधून आणि 11 एप्रिलला कझाकस्तानात उतरले ते ‘टी-10’ मधून. सोयूझ कक्षेत ठरावीक काळच सुरक्षित राहू शकते. त्यामुळे सॅल्यूट-7 स्थानकावर मुक्कामाला असलेल्या अंतराळवीरांसाठी नवे यान ठेवायचे आणि पाहुण्यांनी जुने घेऊन उतरायचे, अशी पद्धत होती. सोयूझच्या तीन भागांपैकी कवच असलेला मधला भागच परततो. व्यास जेमतेम सव्वादोन मीटर, आणि त्यात तीन माणसे. त्या मोहिमेबद्दल पानभर वाचूनही ही अडचण जेवढी कळत नाही, तेवढी त्या काळवंडलेल्या धातूपुढे उभे राहिल्यावर कळते.

इस्रोनेही अशा वस्तू परत आणल्या आहेत. जानेवारी 2007 मध्ये ‘एसआरई-1’ ही सुमारे 550 किलोची कुपी 12 दिवस कक्षेत राहून बंगालच्या उपसागरात उतरली. 18 डिसेंबर 2014 रोजी ‘केअर’ चाचणीतली मोठी कुपी सुमारे 126 किलोमीटर उंचीवरून अंदमानजवळच्या समुद्रात पडली आणि तटरक्षक दलाने ती बाहेर काढली. ऑक्टोबर 2023 मध्ये गगनयानच्या ‘टीव्ही-डी1’ चाचणीतली कुपी नौदलाने उचलली. पण ती सुमारे 17 किलोमीटरपर्यंतच गेली होती, म्हणजे अंतराळात नव्हे. ती कधी मांडली तर फलकावर हेही लिहायला हवे.

महाराष्ट्राच्या वाट्याला काय आले?

एक धातूचे कडे. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशात जळते गोळे सरकताना दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे कोसळले. परिसरात एक गोलाकार टाकीही सापडली. चिनी रॉकेटच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे अवकाश कचऱ्यावर लक्ष ठेवणारे शास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले. लोक बघायला लोटले. कोणी तिकीट लावले नव्हते की माहितीफलक लावला नव्हता. वस्तू वरून आली आहे, एवढेच गर्दीला पुरेसे होते.

ज्या राज्यात विक्रोळी आणि वालचंदनगरच्या कारखान्यांत इस्रोच्या रॉकेटचे भाग घडतात, तिथल्या खेड्याला अंतराळातून आलेली वस्तू जवळून दिसली ती अपघाताने. हे काही भूषणावह नाही.

कुपी गावोगाव नेता येते?

येते. ब्रिटनच्या सायन्स म्युझियमने टिम पीक यांची सोयूझ कुपी 2016 मध्ये विकत घेतली आणि पुढे ती लंडनमध्ये न ठेवता देशभर फिरवली. पीटरबरोच्या जुन्या कॅथेड्रलमध्येही ती मांडली होती. त्याआधी 1962 मध्ये अमेरिकेने जॉन ग्लेन यांचे ‘फ्रेंडशिप 7’ जगाच्या दौऱ्यावर पाठवले. ग्लेन यांनी पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या होत्या, म्हणून या दौऱ्याला ‘चौथी प्रदक्षिणा’ असे नाव पडले.

आपल्याकडे फिरत्या विज्ञान प्रदर्शनाच्या बस 1960 च्या दशकापासून आहेत. इस्रोची ‘स्पेस ऑन व्हील्स’ बसही आहे, पण तिच्यातही प्रतिकृतीच. दुर्मीळ वस्तू खड्ड्यांतून कशी न्यायची, हा आक्षेप दिल्लीच्या सोयूझबाबत रास्त आहे. तशी वस्तू पुन्हा मिळणार नाही. इस्रोच्या चाचणी-कुप्यांना मात्र तो पूर्णपणे लागू होत नाही. गगनयानच्या तयारीत आणखी कुप्या समुद्रातून बाहेर निघणार आहेत आणि त्यांतली एखादी तरी अभ्यास संपल्यावर तालुक्यांच्या गावांसाठी राखून ठेवता येईल. एसटी स्टँडशेजारचे मैदान, चार दिवस, दोन जाणकार माणसे आणि एक स्पष्ट फलक : काय आहे, किती उंच गेले, कुठे पडले. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही.

अडचण आहे ती रुंदीची. ‘केअर’ची कुपी 3.1 मीटर व्यासाची होती, म्हणजे नेहमीच्या ट्रकच्या हौद्याबाहेर येणारी. तशी कुपी म्हसळ्याला आणायची तर घोणसे घाटातल्या वळणांवर समोरची वाहतूक थोडा वेळ रोखून धरावी लागेल. गणपतीच्या दिवसांत ती तशीही अडकते.