पुरणपोळ्यांचा डबा

1993 साली मी भद्रावती तालुक्यातल्या माजरीला बँकेत अधिकारी होतो. राहायला घर मिळाले कोळसा खाणीच्या वसाहतीत. 1973 साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या वसाहतींत उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहत. क्वार्टर मिळे ते हुद्दा आणि नोकरीची वर्षे पाहून. धर्म विचारून नव्हे. आमच्या डावीकडे वर्कशॉपमधले फिटरचाचा, उजवीकडे एक बौद्ध गुरुजी.

त्या वर्षी होळी रमजानात आली. होळीचा नैवेद्य सूर्यास्ताचा आणि रोजा सोडण्याची वेळही तीच. आमच्या सौ.ने गरम पुरणपोळ्यांचा डबा नेमका तेव्हाच चाचांकडे पाठवला. धुळवडीला चाचांनी एका सहकाऱ्याची पाळी केली. ईदला त्याने त्यांची केली. गुरुजींकडे होळी पेटत नसे. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली, तेव्हा त्यांचे वडील त्या जनसमुदायात होते. त्यांच्या अंगावर कोणी रंग टाकत नसे. संध्याकाळी ते गप्पांना मात्र येत. शेजारधर्म म्हणजे सर्वांनी सर्व सण करणे नव्हे, हे मला तिथे कळले.

चारच दिवसांनी, 12 मार्चला, मुंबईत बॉम्बस्फोट झाले. आमचा डबा चाचांकडेच होता. एरवी तो दुसऱ्याच दिवशी काहीतरी घेऊन परत येई; या वेळी आलाच नाही. ते संकोचले होते. आणि मी, चार पुस्तके वाचलेला माणूस, त्यांचे दार चुकवून मागच्या वाटेने बँकेत जाऊ लागलो. तिसऱ्या दिवशी सौ. उठून सरळ त्यांच्याकडे गेली. चाची एवढेच म्हणाल्या, ‘‘भाभी, हमको लगा अब आप नहीं आओगे.’’ डबा तिने मुद्दामच आणला नाही. ईदला तो शीरखुर्मा घेऊन आला.

हे सारे आठवले ते 2025 साली. 14 मार्चची धुळवड रमजानातल्या शुक्रवारी आली. उत्तर प्रदेशात काही मशिदी ताडपत्रीने झाकल्या गेल्या, काही ठिकाणी नमाजाच्या वेळा बदलल्या. यात कॅलेंडरचा दोष नाही. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे. आपले पंचांग अधिक मास घालून ऋतू सांभाळते. म्हणून 1992 आणि 1993 साली आलेला हा योग पुन्हा आला तो थेट 2024 साली.

मधल्या तीस वर्षांत बदलला तो शेजार. आज शहरात घर भाड्याने देताना आधी आडनाव विचारतात. वेगळ्या वस्त्यांत राहणाऱ्यांना एकमेकांच्या जेवणाच्या वेळा कशा कळाव्यात? मग रंग कुठवर उडावा, हे ताडपत्रीला ठरवावे लागते. पोलीस बंदोबस्ताने दंगल टळते, हे खरे आणि तेही हवेच. पण स्फोटांनंतर तिसऱ्या दिवशी शेजारचे दार वाजवणे बंदोबस्ताच्या कामात बसत नाही.

हा योग सरला की पुन्हा तीसेक वर्षांनीच येणार. तेव्हा आमची नातवंडे संसारात असतील. त्यांच्या भिंतीपलीकडे कोण राहील, हे आपण आज घर देताना ठरवत आहोत.