ठोके नुसते ऐकू नका, मोजा आणि लिहा

मंडळी, घरात कुणी गरोदर असेल तर एवढं वाचाच.

मागच्या वर्षी भाचीला आठवा महिना लागलेला. तपासणीला गेली. पोटावर डॉपलर टेकवला, दोन सेकंद ऐकलं, "बाळ जोरात आहे, काळजी नको" म्हणून घरी पाठवलं. कार्डावर ठोक्यांचा रकाना कोराच. चार दिवसांनी दुसरीकडे सोनोग्राफी केली तेव्हा कळलं, बाळाचे ठोके मिनिटाला २४०!

पोटातल्या बाळाचे ठोके साधारण ११० ते १६० असतात. बाळ हललं की थोडे वाढतात, परत खाली येतात. पण २०० च्या वर जाऊन तिथेच राहिले, तर बहुतेक वेळा हृदयाच्या वायरिंगमध्येच बिघाड असतो. एवढ्या वेगात हृदयाला रक्त भरून घ्यायला वेळच मिळत नाही. ते थकतं, बाळाच्या अंगात पाणी साठतं, बाळ पोटातच दगावू शकतं.

चीड कशाची येते, तर यावर इलाज आहे. औषध आईला देतात, वारेतून ते बाळाला पोचतं. डिगॉक्सिन, फ्लेकेनाइड, सोटालॉल. आईचा ईसीजी बघत, मोठ्या दवाखान्यातच. भाचीला तेच दिलं. पोरगी आज घरभर रांगतेय.

जन्मल्यावरही हे होऊ शकतं. बाळ दूध ओढत नाही, पांढरं पडतं, धाप लागते. तेव्हा दृष्ट काढत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

कुणी म्हणेल, नर्सताईंनी किती करायचं? बरोबर आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला मातृत्व अभियानाची रांग बघा, एकेका बाईला किती मिनिटं मिळतात ते कळेल. माझा राग ताईंवर नाहीच. माणसं वाढवा, बंद पडलेले डॉपलर दुरुस्त करा. पण मोजायला एक मिनिट लागतं, ते मिळालंच पाहिजे.

मागणी साधी आहे. प्रत्येक तपासणीत आकडा कार्डावर लिहा. जास्त आला तर बाईला बसवून परत मोजा. तरी उतरला नाही तर त्याच दिवशी गाडी करून पुढे पाठवा. आणि पोटातल्या बाळाच्या हृदयाची तपासणी कुठे होते, त्या दवाखान्याचं नाव नि फोन प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा.

आणि तायांनो, तुम्हीही विचारा, "ठोके किती आले?" "चांगले आहेत" हे उत्तर नाही. आकडा मागा.